इंदूरहून पॉडकास्ट सुरू करताय?

विषय अरुंद धरा. ‘इंदूरचे मराठी लोक’ फार पसरट. ‘राजवाड्याभोवतीची जुनी दुकानं’ पुरे. तीन भाग हातात तयार असल्याशिवाय तारीख जाहीर करू नका, संपादनाला रेकॉर्डिंगहून जास्त वेळ लागतो.

खरा घात खोली करते. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, तो नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे गोधडी टांगा, पंखा बंद ठेवा. डायनॅमिक माइक (आजूबाजूचा आवाज कमी पकडणारा) तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. सराफ्यातल्या खाऊबाजाराचा रात्रीचा गलबला मात्र मिनिटभर वेगळा टिपाच, फार जिवंत असतो तो!

मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. होस्टिंगची (भाग साठवणाऱ्या सेवेची) आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप ताजी होणारी यादी, पॉडकास्ट ॲपांना एकदाच द्यावी लागते. पुढचे भाग आपोआप पोचतात.