तिळाचे लाडू दगड का होतात? आणि आणखी काही प्रश्न

प्रश्न : चिक्कीचा गूळ आणून लाडू केले, पण ते इतके कडक झाले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोडताच येईनात. काय चुकलं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

चिक्कीच्या गुळाचा पाक थोडा जरी पुढे गेला तरी लाडू कडकच होणार. खुटखुटीत लाडवासाठी तो चांगला, पण दात नसलेल्यांसाठी साधा पिवळा गूळ घ्या. २५० ग्रॅम तिळाला १०० ग्रॅम फल्लीदाण्याचं कूट आणि ३०० ग्रॅम गूळ पुरतो.

तीळ मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, हात न थांबवता भाजा. तडतडायला लागले, थोडे फुगले आणि चिमटीत सहज चुरडले की लगेच ताटात काढा. कढईतच राहिले तर आच बंद असूनही ते करपतात, आणि करपलेल्या तिळाचा कडूपणा कितीही गूळ घातला तरी जात नाही. निम्मे तीळ जाडसर कुटून घ्या, म्हणजे लाडू मऊ राहतो.

गूळ चिरून चमचाभर तूप आणि चमचाभरच पाणी घालून विरघळवा. सगळीकडे फेस आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे, असे लाडू ओघळतात आणि नंतर चिकट होतात. बोटांनी गोळा होऊन दाबल्यावर चपटा होतो, तिथेच थांबा. ताटलीवर टाकल्यावर टण्ण आवाज आला, तर तो पाक चिक्कीचा झाला. आच बंद करून तीळ, कूट, वेलची मिसळा आणि ओल्या हाताने गरम असतानाच वळा. वळता वळता मिश्रण घट्ट झालं तर कढई मिनिटभर मंद आचेवर ठेवा.

झालेले कडक लाडू टाकू नका. खलबत्त्यात बारीक कुटून, थोडं भाजलेलं बेसन आणि तूप घालून गूळपोळीचं सारण करा.

प्रश्न : पांढरे, काळे की पॉलिशचे? कॅल्शियम कशात जास्त? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

रंगापेक्षा साल महत्त्वाची. १०० ग्रॅम सालासकट तिळात साधारण ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, साल काढली की ते ६० च्या आसपास येतं. बाजारातले शुभ्र, चकचकीत तीळ बहुधा सोललेले असतात. रेवडी-गजकाला ते शोभतात, पण रोजच्या जेवणाला गावरान मळकट तीळच घ्या. सालीतलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या घटकाला बांधलेलं असल्याने सगळं अंगी लागत नाही, म्हणून तिळाच्या भरवशावर दूध-ताक बंद करू नका. अख्खे तीळ न चावता गेले तर तसेच बाहेर पडतात. भाजून कुटलेली चटणी भाकरीसोबत खाणं उत्तम. प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास असतात, पण लायसिन हा प्रथिनाचा एक घटक कमी असतो. तो वरणातून मिळतो, त्यामुळे वरण आणि तिळाची चटणी ही जोडी चांगली. तिळात निम्मं तेलच असतं, तेव्हा दिवसाला एक-दोन चमचे पुरेत. कुणाला तीळ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा घसा आवळत असेल, तर त्यांना चिमूटभरही देऊ नका.

काळे तीळ ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून बघा. हलकी तपकिरी झाक चालते. गडद काळा डाग पडला तर रंग दिलेला असण्याची शंका घ्या.

प्रश्न : उन्हाळी तीळ काढताना निम्मा माल वावरातच सांडतो. (आर्वी, जि. वर्धा)

तिळाची बोंडं वाळली की टोकाला उकलतात. सगळं झाड वाळायची वाट पाहिली तर नुकसान होणारच. पानं पिवळी पडून गळू लागली आणि खालची बोंडं पिवळी झाली की कापा. कापणी सकाळी, दव असताना करा. पेंढ्या बांधून ताडपत्रीवर उभ्या ठेवा, आडव्या टाकल्या की दाणे गळतात. चार-पाच दिवसांनी उलट्या धरून झटका, मग पुन्हा उभ्या करून दोन दिवसांनी परत झटका. पुढच्या पेऱ्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेटी-१०१ हे उन्हाळी पांढरं वाण बघा. बी बारीक असतं, तेव्हा वाळूत मिसळून पेरा आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

प्रश्न : घरच्या तिळात खडे फार निघतात. (चिमूर, जि. चंद्रपूर)

पाखडून जात नसतील तर रोळून घ्या. परातीत भरपूर पाणी घेऊन तीळ हलवा आणि वरचे तीळ पाण्यासोबत चाळणीत ओता; खडे तळाशी राहतात. नंतर कडक उन्हात दोन दिवस वाळवा. ओल राहिली तर बुरशी धरते. कूट मात्र लागेल तेवढंच करा, आठवड्याभरात त्याला खवट वास येऊ शकतो.