गोळी लागू पडेल का, हे रक्तावरून कळतं का?

मुलाला स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय. कोणती गोळी लागू पडेल हे आधीच सांगणारी रक्ततपासणी आहे का?

नाही. सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ (शरीरातली सूज दाखवणारी प्रथिनं) आणि बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना पोसणारं प्रथिन) यांवर संशोधन चालू आहे, पण एकट्या रुग्णाचा रिपोर्ट पाहून औषध निवडावं इतकं ते पक्कं नाही. सीआरपी तर हिरड्या सुजल्या तरी वाढतो. पुरेशा मात्रेत दोन आठवडे गोळी घेऊनही तसूभर फरक नसेल, तर ती खूण अधिक बोलकी.

दोन औषधं झाली, गुण नाही. आता बहिणीला क्लोझापिन चालू आहे. डॉक्टरांनी रक्तातली पातळी बघायला सांगितली. रक्त कधी द्यायचं?

रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. इथेच बहुतेकांचं चुकतं: सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात की आकडा फुगतो. मात्रा बदलली असेल तर आठवडाभर थांबा. गुण येण्यासाठी साधारण ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पातळी लागते. ६००च्या वर गेली की फिट येण्याचा धोका वाढतो. रिपोर्टमध्ये नॉरक्लोझापिनचा (शरीरात क्लोझापिनपासून बनणाऱ्या पदार्थाचा) आकडा वेगळा असतो, तो यात मिळवू नका. पातळी फारच कमी आली तर मात्रा वाढवण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजा, म्हणजे गोळ्या चुकल्यात का ते कळेल.

भावाने सिगारेट सोडली आणि तो दिवसभर झोपतो, लाळ गळते. क्लोझापिनची मात्रा तीच आहे.

मात्रा तीच, पातळी नव्हे. धुरामुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात चालतं आणि औषध लवकर संपवतं. धूर थांबला की आठवड्याभरात पातळी दीडपटही होऊ शकते. आजच डॉक्टरांना कळवा, मात्रा ते उतरवतील. बिडीचंही तेच. मळून खाल्लेल्या तंबाखूने मात्र हा परिणाम होत नाही, कारण तो धुराचा आहे, निकोटिनचा नाही. (म्हणून तंबाखू चांगली असं नव्हे!) न्यूमोनियासारख्या संसर्गातही पातळी अशीच चढते.

क्लोझापिन चालू असताना दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) कशासाठी?

१९७५ साली फिनलंडमध्ये या औषधावर असताना पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले, तेव्हापासूनची ही खबरदारी. धोका पहिल्या १८ आठवड्यांत जास्त, म्हणून तोवर दर आठवड्याला, नंतर सहसा महिन्याला. रिपोर्टवर न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टक्क्यांत असतील तर गुणाकार करा: एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के, म्हणजे १,८९०. हा आकडा १,५००च्या खाली आला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. ताप किंवा घसादुखी असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी.