गाव बदललं, आधी आशाताईला गाठ

ताई, आल्या आल्या तहसीलला धावू नको. आधी गावातल्या आशाताईला भेट. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. तिच्या वहीत तुमचं घर चढलं की उपकेंद्रातल्या सिस्टरपर्यंत खबर पोचते.

लेकरू लहान आहे ना? मग माता-बाल संरक्षण कार्ड जुन्या गावचंच सोबत ने. मी वर्ध्याहून धारणीकडे आले तेव्हा ते माहेरीच राहिलं, अन् पोराची कोणती लस झाली हे मला सांगताच येईना. फार जीव घाबरला होता. म्हणून म्हणते, प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवच. घरात कोणाची सिकलसेलची, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली असेल तर तो कागदही. आपल्या विदर्भात तो विसरून चालत नाही.

आयुष्मान कार्ड देशभर चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. आभाचा, म्हणजे आरोग्य खात्याचा, १४ अंकी नंबरही तोच राहतो. बदलायचा तो आधारवरचा पत्ता, अन् रेशनकार्ड. रेशनकार्डाला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात टाक आणि पोचपावती मागूनच ऊठ.

आशाताई सकाळी लवकर घरी सापडते, नंतर ती गावात फिरतीवर असते.