कुशीतले दुखणे आणि वारंवार होणारा संसर्ग

प्रश्न : मी बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने नोकरीस जाते. वर्षभरात तीनदा मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. आता लघवीच्या तपासणीत काही निघत नाही, तरी उजवी कूस दुखतेच. काय करावे?

उत्तर : तीनदा झालेला संसर्ग केवळ गोळ्या बदलून सोडून देण्यासारखा नाही; खडा, मूत्रमार्गातील अडथळा किंवा लघवीचा मूत्रपिंडाकडे उलटा प्रवाह आहे का, हे मूत्रविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतला बारीक खडा निसटू शकतो, म्हणून गरजेनुसार सीटी स्कॅन करतात. तेही निर्दोष आल्यास स्नायू व मणक्याकडे पाहावे. पुन्हा संसर्ग वाटल्यास अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधीच कल्चरसाठी (कोणते जंतू आहेत हे पाहण्याच्या तपासणीसाठी) लघवीचा नमुना द्यावा. स्थानकावरील स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणीच न पिणे (दोष अर्थातच प्रवासी स्त्रियांचा नव्हे) संसर्गास पोषक ठरते. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक मनाने घेऊ नये. थंडी वाजून ताप आल्यास किंवा उलट्या झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.