अमेरिकन फुटबॉलचा काळा स्टार ओ. जे. सिम्पसन आधीची बायको निकोल आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांच्या खुनाच्या केसमधून सुटला तेव्हा काळ्या लोकांनी जल्लोष का केला? पुरावे तर होते ना?

पुरावे होतेच, रक्ताचे डीएनए रिपोर्टसुद्धा होते, आणि माझ्या मते खून त्यानेच केले. पण ३ ऑक्टोबर १९९५ चा तो निकाल समजून घ्यायचा तर आधी १९९२ बघा. त्याच लॉस एंजेलिसमध्ये १९९१ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी लाठ्यांनी बदडलं, व्हिडिओ जगाने पाहिला, तरी १९९२ मध्ये पोलिसांवरची केस शहराबाहेर सिमी व्हॅलीत नेली, ज्युरीत एकही काळा माणूस नाही आणि पोलिसांना एकाही आरोपात दोषी धरलं नाही. मग दंगल पेटली, पन्नासहून जास्त माणसं मेली.

आता सिम्पसनच्या केसमध्ये रक्ताळलेला हातमोजा सापडला म्हणणारा डिटेक्टिव्ह मार्क फर्मन. शपथेवर म्हणाला की दहा वर्षांत काळ्यांसाठीची 'एन'वरून सुरू होणारी शिवी वापरली नाही, आणि नंतर टेप्स निघाल्या ज्यात तो ती सारखी वापरतोय. ज्युरीत ९ जण काळे होते म्हणून सोडला असं लोक सरळ बोलून मोकळे होतात, पण अशा पोलिसावर विश्वास कोण ठेवणार सांगा? वाईट एवढंच वाटतं की या सगळ्यात निकोल आणि रॉन गोल्डमन, ज्यांचा जीव गेला, ते बाजूलाच पडले.