डीएनए किट मागवलं तर पुढे इन्शुरन्सला अडचण येते का?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात राहता, सेलमध्ये डीएनए किट स्वस्तात मिळतंय, इथला कायदा कडक आहे असं ऐकलंय, तर मागवायला हरकत काय आणि उद्या इन्शुरन्सवाले अडवतील का.

हेल्थ इन्शुरन्सवाले अडवू शकत नाहीत. लाइफवाले अडवू शकतात. मला अडवलंय.

माझ्या आईला शेहेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, सांगलीत. मावशीला अंडाशयाचा. २०१८ साली इथल्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि मला सरळ जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवलं. मी न्यू जर्सीला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "बिनधास्त कर, जिना कायदा आहे ना!" त्याचं निम्मं बरोबर होतं. २००८चा हा देशपातळीवरचा कायदा हेल्थ इन्शुरन्स कंपनीला आणि पंधरा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकाला तुमची जनुकीय माहिती तुमच्याविरुद्ध वापरू देत नाही. लाइफ, डिसॅबिलिटी आणि म्हातारपणच्या देखभालीचा इन्शुरन्स मात्र त्यात येतच नाही. काउन्सेलरनं दिलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलेलं होतं. सही करताना माझं लक्ष त्या पानावर नव्हतं, आईकडे होतं.

रिपोर्ट आला, बीआरसीए-२ पॉझिटिव्ह, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बदल माझ्यात होता. दोन महिन्यांनी घराचं लोन झालं म्हणून आम्ही दोघं टर्म पॉलिसी घ्यायला बसलो. नवऱ्याचं काम आठवड्यात झालं. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता: जनुकीय चाचणी केली आहे का, असल्यास निकाल काय. एजंट फोनवर थांबला होता. मी खरं ते सांगितलं. तीन आठवड्यांनी एका परिच्छेदाचं पत्र आलं, नकाराचं. मी एकेचाळीस वर्षांची होते, मॅमोग्राम स्वच्छ होता, आजार कुठलाही नव्हता. मुलगा सहा वर्षांचा होता आणि पॉलिसी त्याच्यासाठीच हवी होती.

दादाचं म्हणणं, सांगितलंस कशाला? तिथून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. खोटं लिहून घेतलेल्या पॉलिसीत पहिल्या दोन वर्षांत क्लेम आला तर कंपनी जुने सगळे कागद उकरून काढते. म्हणजे मी गेल्यावर ते पत्र माझ्या मुलाच्या हातात पडलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आमचा क्रम चुकला. आधी पॉलिसी, मग टेस्ट. तुम्हालाही तेच सांगते.

आता तुमचा तो कायदा. गव्हर्नर न्यूसम यांनी २०२०मध्ये असंच एक बिल परत पाठवलं होतं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२२पासून ते लागू झालं. किट विकणाऱ्या कंपनीनं माहिती वापरायला, दुसऱ्याला द्यायला, नमुना साठवून ठेवायला वेगवेगळी संमती घ्यायची. ती तुम्ही मागे घेतलीत तर तीस दिवसांत नमुना नष्ट करायचा. कायदा चांगलाच आहे. पण तो बांधतो किटवाल्यांना. लाइफ इन्शुरन्सच्या फॉर्मवर तुम्ही स्वतः काय लिहून देता, त्याला तो हात लावत नाही. इंडियन स्टोअरमधल्या मसाल्याच्या पाकिटावरसुद्धा शिशाचा इशारा दिसतो तो याच राज्याच्या १९८६च्या 'प्रॉप ६५' या कायद्यामुळे. एवढी काळजी घेणाऱ्या राज्यात माझ्या वेळी तो एक प्रश्न विचारायला बंदी नव्हती. फ्लोरिडानं २०२०मध्ये लाइफ इन्शुरन्सलाही ती घातली. फ्लोरिडाला जमतं ते सगळीकडे जमायला हवं.

आणि कायदा संमती विचारतो ती फक्त किटच्या नळीत नमुना म्हणून थुंकणाऱ्याला. मधल्या एका वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये दादानं ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीचं किट मागवलं. मला विचारलं नाही. सख्ख्या भावाच्या थुंकीत निम्मी मी असते. २०२३मध्ये हॅकर शिरले ते सुमारे चौदा हजार खात्यांत. 'नातेवाईक शोधा' या सोयीतून ते ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत पोचले. मार्च २०२५मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. दोनच दिवस आधी आपल्या अॅटर्नी जनरलनी लोकांना डेटा काढून टाकायची आठवण केली होती. मी त्याच रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "माझा डेटा आहे, माझं मी बघतो." शेवटी संस्थापक बाईंच्याच ना-नफा संस्थेनं ३०.५ कोटी डॉलरला सगळं विकत घेतलं.

पण मला खरा राग वेगळाच आहे. त्याच्या किटच्या रिपोर्टमध्ये आलं, 'व्हेरिअंट आढळले नाहीत'. त्यानं स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, "माझं क्लीन आहे." इथल्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, मार्च २०१८मध्ये त्या कंपनीला बीआरसीएसाठी परवानगी दिली ती फक्त तीन बदल तपासायची, आणि तेही मुख्यतः मूळच्या युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये सापडणारे. तेव्हा असे हजाराच्या वर बदल माहीत होते. आमच्या सांगलीच्या घरातला त्या तिघांत नाही. किटनं तो शोधलाच नाही, मग सापडणार कसा? त्या स्क्रीनशॉटवर विसंबून दादानं आजवर लॅबची टेस्ट केलेली नाही. बीआरसीए-२मधला बदल पुरुषांतही असू शकतो, प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढवतो आणि प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी असते. त्याला मुलगी आहे, बावीस वर्षांची.

म्हणून पूर्वज कुठले हे बघायची हौस असेल तर घ्या किट, खातं बंद करताना नमुना नष्ट करायलाही सांगा. कॅन्सरचं बघायचं असेल तर किटच्या वाटेला जाऊ नका.

मी वकील नाही, तुमच्या वेळचे नियम तपासून घ्या. नोकरीतल्या ग्रुप लाइफला ठरावीक रकमेपर्यंत सहसा तब्येतीचे प्रश्न नसतात, ते आधी घेऊन ठेवा. आणि वर मी क्रम क्रम म्हटलंय खरं, पण गाठ लागली असेल किंवा आई-मावशीपैकी कुणी लवकर गेलं असेल तर पॉलिसीची वाट बघत बसू नका. मी २०२०मध्ये अंडाशयं काढून घेतली. पॉलिसी गेल्याचं दुःख आहे, टेस्ट केल्याचं अजिबात नाही.

भाचीला जूनमध्ये पहिली नोकरी लागली. घरातला बदल नक्की माहीत असला की लॅब नेमका तोच तपासते, त्यासाठी माझा रिपोर्ट सोबत न्यावा लागतो. तो मी गेल्या रविवारी तिला मेल केला. दादाला विचारलं नाही.