सुबाशिचच्या जर्सीखालचा तो चेहरा कोणाचा होता?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाचा गोलकीपर दानियेल सुबाशिच याने जर्सीखाली ज्याचा फोटो असलेला टी-शर्ट घातला होता तो खेळाडू कोण, त्याची कारकीर्द कशी होती, आणि तो जगला असता तर क्रोएशियाचा कर्णधार लुका मॉड्रिच याच्याएवढा मोठा झाला असता का?

त्याचं नाव ह्र्वोये चुस्तिच. झादार गावचा, झादार क्लबचा मिडफिल्डर. जन्म २१ ऑक्टोबर १९८३, मृत्यू ३ एप्रिल २००८. म्हणजे पुरता पंचविशीतही पोचला नाही. टी-शर्टवर फोटोबरोबर 'फॉरएव्हर' आणि '२४' असं होतं, ते त्याचं वय.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण तिथेच बहुतेक लोक वाहवत जातात. आपल्याकडे म्हण आहे, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. ऐकायला कडवट आहे, पण खेळाडूंच्या बाबतीत ती रोज खरी होते. तरुण गेला की तो आपोआप 'उद्याचा सुपरस्टार' होतो. चुस्तिच क्रोएशियाच्या पहिल्या लीगमध्ये खेळणारा चांगला खेळाडू होता, गावचा लाडका होता. मॉड्रिच झाला असता का, हा प्रश्न मला त्याच्यावर अन्याय करणारा वाटतो. मॉड्रिच हजारांत एकच होतो. उरलेले नऊशे नव्व्याण्णव खेळतात, संसार करतात, पस्तिशीला बूट खुंटीला टांगतात आणि मग गावातल्या पोरांना शिकवतात. चुस्तिचकडून हिरावलं गेलं ते हे साधं आयुष्य, आणि ते काही कमी नव्हतं.

आता झादारबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एड्रियाटिक समुद्रावरचं हे जुनं बंदर. तिथे फुटबॉल हा दुसऱ्या नंबरचा खेळ आहे. 'देवाने माणूस घडवला आणि झादारने बास्केटबॉल' अशी त्या गावची म्हणच आहे. क्रेशिमिर चोसिचसारखा बास्केटबॉलपटू याच गावात वाढला. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा झादारवर तोफगोळे पडत होते. लुका मॉड्रिचचे आजोबा त्याच वर्षीच्या डिसेंबरात मारले गेले आणि त्याचं कुटुंब निर्वासित म्हणून झादारच्या एका हॉटेलात राहिलं. हॉटेलच्या पार्किंगमध्ये चेंडू लाथाडणाऱ्या त्या पोराला झादार क्लबने घेतलं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. चुस्तिच त्याच पिढीचा, मॉड्रिचपेक्षा दोन वर्षांनी मोठा. गोलकीपर दानियेल सुबाशिचचा जन्म ऑक्टोबर १९८४ चा, तोही झादारचाच. सायरन ऐकत लहानाची मोठी झालेली ही पोरं एकाच क्लबच्या अंगणात फुटबॉल शिकली. मॉड्रिच लवकरच राजधानीतल्या डिनामो झाग्रेब क्लबला गेला. सुबाशिच आणि चुस्तिच झादारच्या संघात एकत्र खेळले, जिवलग मित्र झाले.

२९ मार्च २००८, शनिवार. झादारच्या स्तानोवी स्टेडियमवर लीगचा सामना, समोर विंकोव्चीचा त्सिबालिया संघ. सुबाशिचने लांब चेंडू मारला, चुस्तिच साइडलाइनच्या दिशेने त्याच्यामागे पळाला, बरोबरीने प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू. दोघांची झटापट झाली, चुस्तिचचा तोल गेला आणि त्याचं डोकं मैदानाशेजारच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळलं. ती भिंत साइडलाइनपासून जेमतेम तीन मीटरवर होती.

तीन मीटर म्हणजे किती, हे घरात मोजून बघा. मी मोजलं होतं. आमच्या हॉलच्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. पूर्ण वेगात पळणारा माणूस ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. तेवढ्या वेळात हात पुढे करायलाही सुचत नाही.

त्याच संध्याकाळी डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्याला औषधांनी कोमात ठेवलं. मधले दोन-तीन दिवस आशा होती. मग संसर्गाने ताप चढला आणि ३ एप्रिलला, गुरुवारी, तो गेला. अंत्यविधीला हजारो लोक आले होते.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे आणि त्यावर मी जरा अडून बसणार आहे. या घटनेबद्दल जिथे जिथे वाचाल तिथे 'दुर्दैवी अपघात', 'नियतीचा घाला' असले शब्द सापडतील. नियतीने भिंत बांधली नव्हती. माणसांनी बांधली होती, माणसांनी तिथे मॅच खेळवायला परवानगी दिली होती, आणि वर्षानुवर्षं त्या भिंतीशेजारी खेळाडू पळत होते. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, स्टेडियमविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाभोवतीची मोकळी जागा धरून एकूण १२५ बाय ८५ मीटर सांगितलेली आहे. हिशोब केला तर साइडलाइनच्या बाहेर साडेआठ मीटर आणि गोलच्या मागे दहा मीटर येतात. साडेआठ कुठे आणि तीन कुठे! मान्य, ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि जगातली कितीतरी जुनी मैदानं त्यात बसत नाहीत. पण एवढ्या जवळ काँक्रीट असेल तर त्यावर निदान जाड फोमचं आवरण तरी घालता येतं. त्याला किती पैसे लागतात?

हे मला एवढं टोचतं त्याला कारण आहे. माझा मुलगा शनिवार-रविवार आमच्या भागातल्या एका टर्फवर खेळायला जातो. तिथे फ्लडलाइटचा लोखंडी खांब लाइनला अगदी खेटून उभा आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या मित्राचा खांदा त्यावर आदळला आणि हाड सरकलं. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "काका, इतकी वर्षं खेळतायत पोरं, काही होत नाही." शेवटी आम्ही पालकांनीच वर्गणी काढून जुन्या गाद्यांचा फोम खांबाला गुंडाळला. सुतळीने बांधलेला तो खांब दिसतो भयंकर, पण आहे तिथेच आहे.

असो. विषयाकडे येतो.

२००८ चा तो वसंत ऋतू क्रोएशियाच्या फुटबॉलसाठी विचित्रच होता. फेब्रुवारीत इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून खेळताना क्रोएशियाचा स्ट्रायकर एदुआर्दो याचा पाय बर्मिंगहॅममध्ये भयानक मोडला. मार्चअखेरीस चुस्तिच. आणि एप्रिल संपता संपता लंडनच्या टॉटनहॅम क्लबने मॉड्रिचला घेतल्याची बातमी आली. एका गावच्या, एका क्लबच्या दोन मुलांपैकी एकाचं दफन आणि दुसऱ्याचं लंडनला जाणं ठरणं एकाच महिन्यात घडलं.

आणि सुबाशिच? चेंडू त्याने मारला होता. गोलकीपरने पुढे चेंडू मारणं हे त्याचं रोजचंच काम, त्यात चूक शोधायला जागाच नाही. पण मन असा हिशोब मानत नाही. आपण तो चेंडू दुसरीकडे मारला असता तर, हा विचार त्याला सोडत नव्हता. त्याच वर्षी तो स्प्लिट शहराच्या हाजदुक क्लबकडे गेला, २०१२ च्या जानेवारीत मोनॅकोला. मोनॅको तेव्हा फ्रान्सच्या दुसऱ्या लीगमध्ये गटांगळ्या खात होतं. तिथून वर येऊन २०१७ मध्ये त्यांनी फ्रेंच लीग जिंकली, गोलमध्ये सुबाशिच. या सगळ्या वर्षांत जर्सीखाली मित्राचा फोटो असलेला टी-शर्ट असायचा. आपल्यातल्या बहुतेकांना हे कळलं ते दहा वर्षांनी.

१ जुलै २०१८, रशियातल्या निझनी नोव्हगोरोदला डेन्मार्कविरुद्ध बाद फेरीचा सामना. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. पहिल्या चार मिनिटांतच दोन्ही बाजूंनी एकेक गोल, आणि मग तब्बल दोन तास काहीच नाही. रविवारची रात्र, सकाळी ऑफिस, घरचे सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होतो. एक्स्ट्रा टाइमच्या ११६ व्या मिनिटाला क्रोएशियाला पेनल्टी मिळाली, मॉड्रिचने ती मारली आणि डेन्मार्कचा गोलकीपर श्मायकेल याने ती अडवली. तिथेच मी टीव्ही बंद करणार होतो. केला नाही, हे नशीब.

मग पेनल्टी शूटआउट. त्यात सुबाशिचने डेन्मार्कच्या एरिक्सन, श्योने आणि निकोलाय योर्गेन्सन अशा तिघांच्या पेनल्टी अडवल्या. समोरून श्मायकेलही कमी नव्हता, त्याने दोन अडवल्या. शेवटची राकितिचने मारली आणि क्रोएशिया जिंकलं. वर्ल्ड कपच्या एका शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवणारा त्याआधीचा एकच गोलकीपर होता, २००६ मधला पोर्तुगालचा रिकार्डो. सामन्यानंतर जल्लोषात तो टी-शर्ट जगाला दिसला. पुढच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत कोणीतरी चुस्तिचबद्दल विचारलं आणि सहा फुटांपेक्षा उंच तो माणूस सगळ्यांसमोर रडला, बोलूच शकला नाही.

फिफाने त्याला टी-शर्टबद्दल ताकीद दिली. नियमानुसार आतल्या कपड्यावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक संदेश आणि चित्रं दाखवायला बंदी आहे. नियम का आहे हे समजतं. एकाला सूट दिली की उद्या कोणीही काहीही छापून आणेल. तरी मला त्यात एक विसंगती खटकते. टी-शर्टवर किती इंच काय छापावं यावर इतकी बारीक नजर, आणि भिंत किती मीटरवर आहे यावर २००८ मध्ये कोणाचीच नजर नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. रशियाविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावलेला असताना तो खेळत राहिला, पुन्हा शूटआउट, पुन्हा एक पेनल्टी अडवली. मग इंग्लंडला हरवून फायनल, तिथे फ्रान्सकडून ४-२ अशी हार. फायनलमध्ये तो थकलेला, दुखावलेला वाटत होता आणि त्यावर टीकाही झाली. वर्ल्ड कपनंतर लगेच त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली.

एक छोटीशी जोड देतो, कारण झादारकरांना ती नक्की आवडत असणार. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्धच्या शूटआउटमध्ये पुन्हा एका क्रोएशियन गोलकीपरने तीन पेनल्टी अडवल्या. डोमिनिक लिवाकोविच. जन्म १९९५, गाव झादार. बास्केटबॉलच्या गावाला हाताने चेंडू पकडण्याची सवय, असा विनोद त्या रात्री मी ग्रुपवर टाकला होता. फारसा कोणाला कळला नाही.

हो, आणखी एक खुलासा. काही ठिकाणी चुस्तिच आणि ब्रूनो बोबान यांची सरमिसळ केलेली दिसते. बोबान हा मार्सोनिया क्लबचा, तिसऱ्या लीगमधला स्ट्रायकर. मार्च २०१८ मध्ये चालू सामन्यात चेंडू त्याच्या छातीवर आदळला, काही क्षणांत तो कोसळला आणि मैदानावरच गेला. वय २५. दोघेही क्रोएशियन, दोघेही तरुण, दोन्ही घटना मार्चमधल्या, म्हणून गोंधळ होत असावा. टी-शर्टवरचा चेहरा मात्र चुस्तिचचाच.

त्याचा खेळ बघायचा म्हणून तुम्ही यूट्यूबवर नाव टाकाल, तर सगळ्यात आधी त्या भिंतीचाच व्हिडिओ समोर येईल. मी एकदा उघडला होता, पुन्हा उघडणार नाही. त्याऐवजी क्रोएशिया-डेन्मार्कचं शूटआउट बघा आणि राकितिचच्या पेनल्टीनंतर लगेच बंद करू नका, सुबाशिचवर लक्ष ठेवा.